मे महिन्यातले खून

साहेब, ती खिडकी तुम्ही खाल्ली.

नाव घेत नाही. तुमच्या खुर्चीवर दर तीन वर्षांनी नवा माणूस येतो, खुर्चीची भूक काही बदलत नाही. पण खिडकी तुम्हीच खाल्ली, चौकटीसकट, आणि वर ढेकर दिला तोही सरकारी कागदावर. ‘कार्य संतोषजनक.’

त्या खिडकीच्या खोलीत चौऱ्याऐंशी वर्षांची भीमाबाई झोपते. विजय नगरच्या पलीकडची सरकारी कॉलनी, तळमजल्याचं क्वार्टर, एकच खोली नि स्वयंपाकघर, खोलीचं तोंड उत्तरेला. मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा कडुनिंबाची मोठी फांदी मोडून खिडकीवर आदळली. काचा गेल्या, लोखंडी पल्ला वाकला, चौकट भिंतीतून सुटली. तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. जबलपुरात उन्हाळ्यात खिडकी गेली म्हणून कोणी रडत नाही. भीमाबाईच्या सुनेनं, विनतानं, तुमच्या दुरुस्ती खात्याकडे रीतसर तक्रार टाकली. जूनमध्ये आठवण दिली. पावसाळ्यात भोकावर पोतं आणि पोत्यावर प्लास्टिक ठोकलं. दिवाळी सरली तशी थंडी नर्मदेवरून उठली आणि थेट त्या पोत्याशी येऊन बसली. बसली म्हणजे काय, आत शिरली, म्हातारीच्या अंथरुणात.

मागल्या जानेवारीत, खिडकी धड होती तेव्हासुद्धा, भीमाबाई नऊ दिवस दवाखान्यात होती. छातीत पाणी. घरी सोडताना डॉक्टर विनताला म्हणाले होते, "अब की बार ठंड लगी तो मेरे पास मत लाना, मैं कुछ कर नहीं पाऊँगा. बस हवा मत लगने देना."

हवा लागू द्यायची नाही! भिंतीला साडेतीन फुटांचं भोक, आणि हवा लागू द्यायची नाही.

शेगडी पेटवावी तर धूर छातीत जातो. हीटर लावावा तर क्वार्टरची जुनी वायरिंग दोन मिनिटांत दम तोडते आणि अख्ख्या इमारतीचे दिवे जातात. मग वरच्या मजल्यावरची मोना खिडकीतून ओरडते, "दीदी, फिर लगा दिया क्या?" तिला खिडकी आहे, ओरडायला तरी.

तर मग उरलं काय? उरली पुस्तकं.

विनता एकोणसाठ वर्षांची. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात रेकॉर्डरूम सांभाळते. दिवसभर दुसऱ्यांच्या फायली उचलून तिचे खांदे खाली आले आहेत. नवरा अश्वजीत सहा वर्षांपूर्वी गेला. आता घरात दोघीच. संध्याकाळी ती घरी येते, कुकर लावते, सासूच्या पायांत दुसरे मोजे चढवते, आपण शाल घेऊन पलंगाच्या कडेला बसते आणि वाचते. मोठ्यानं. भीमाबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्या डोळ्यात नुसतं दूध आहे. पण कान असे, की शेजारच्या घरात कोणी खोटं बोललं तरी तिला कळतं.

आणि वाचायचं काय, तर खुनाच्या गोष्टी. त्याही गरम मुलखातल्या. ही म्हातारीचीच अट. दोन वर्षांपूर्वी विनतानं हिमालयातल्या बंगल्यातला एक खून वाचायला घेतला होता. तिसऱ्या पानावर बर्फ पडला. भीमाबाई म्हणाली, "ठेव ते. मले आधीच हुडहुडी भरून राहिली, अन् तू बर्फ वाचून राहिली."

पुस्तकं येतात विहाराच्या मागच्या खोलीतून. तिथं दोन लोखंडी कपाटं आहेत. नोकरी संपवून नागपूर-अमरावतीकडे परत गेलेली माणसं जाताना आपली मराठी पुस्तकं तिथं टाकून जातात. खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले रामराव ती सांभाळतात. रविवारी वंदना झाली की विनता कपाटापुढे उभी राहते.

"काय पाहिजे, वहिनी? खून का ऊन?"

"दोन्ही द्या, भाऊजी. खून कमी असला तरी चालते, ऊन कमी नको."

"मांगच्या वेळचं गोवा कसं होतं?"

"आईंना नाही पटलं."

पटलं नव्हतंच. भीमाबाईनं चार दिवस ऐकलं आणि निकाल दिला, "हे काय गरमी व्हय? सारे लोक पाण्यात पाय टाकून बसले अन् त्याच्यात एक मेला. मले तं ओलंच वाटून राहिलं." मग राजस्थान आणलं. वाळवंट, उंट, हवेलीतलं प्रेत. सगळं झकास चाललं होतं, तर साठाव्या पानावर लेखकानं लिहिलं, रात्री वाळवंटात कडाक्याची थंडी पडते. "लबाड हाय," भीमाबाई म्हणाली. "उन्हाचं नाव सांगून थंडी विकून राहिला." केरळ आणलं तर त्यात तीनशे पानं पाऊस.

शेवटी नोव्हेंबरात रामरावांनी कपाटाच्या तळातून एक जाडजूड पुस्तक काढलं. कव्हर फाटलेलं, लेखकाचं नाव गेलेलं. कोळशाच्या खाणीचं गाव, चंद्रपूरच्या बाजूचं. मे महिना. सत्तेचाळीस डिग्री. बंद खोलीत कूलर चालू आणि कूलरपुढे ठेकेदार मेलेला.

भीमाबाईचं माहेर बल्लारपूरकडचं. पहिलं पान ऐकलं आणि ती उशीला टेकून बसली. दुसऱ्या पानावर डांबर वितळून चपलेला चिकटलं, तेव्हा तिनं कानटोपी काढली. पाचव्या पानावर फौजदार भर दुपारी दोन वाजता साक्षीदार शोधत गावभर फिरू लागला, तेव्हा ती हसायला लागली आणि हसता हसता खोकली.

"मे महिन्यात दोन वाजता रस्त्यावर कोण भेटते रे बाप्पा? कुत्रं नाही भेटत. लेखक पुण्याचा दिसते."

"मग बंद करू का?"

"वाच, वाच. उन्हाचं बरोबर लिहिते. माणसाचं त्याले समजत नाही, पण उन्हाचं समजते."

त्या दिवसापासून दोघींचा नेम ठरला. रोज दहा पानं, अकरावं नाही. पुस्तक संक्रांतीपर्यंत पुरलं पाहिजे. बाहेर धुकं इतकं, की समोरच्या क्वार्टरचा दिवा पिवळा डाग दिसायचा. पोतं फडफडायचं, आणि आत दोन बायका चंद्रपूरच्या लूत बसलेल्या. विनताला कधी कधी खरोखर मानेवर घाम आल्यासारखं वाटायचं. म्हातारी एकदा म्हणाली, "जरा पदरानं वारा घाल वं." घातला विनतानं. सहा डिग्रीत पदरानं वारा घातला. तुम्हाला हसू येईल साहेब. या, एक रात्र बसून पाहा.

पण दहा पानं संपली की संपली. पुस्तक मिटलं की थंडी परत यायची, वाट पाहत बसलेल्या सावकारासारखी. म्हातारीच्या छातीतली शिट्टी डिसेंबरात वाढली. विनता रात्रीतून दोनदा उठून तिच्या नाकापुढे हात धरायची, सकाळी ऑफिसात रजिस्टरावर डुलक्या घ्यायची.

ती गप्प बसली नव्हती. नोव्हेंबरात तुमच्या ऑफिसात आली. "अगले हफ्ते," तुमचा बाबू म्हणाला. पुढल्या आठवड्यात आली. "सामान नहीं आया." डिसेंबरात तिनं कपाळावर हात मारला आणि आपल्या खर्चानं वेल्डर बोलावला. कॉलनीच्या गेटवर चौकीदारानं त्याला परत पाठवलं. सरकारी इमारत, बाहेरचा कारागीर, लेखी परवानगी आणा. बरं, तेही केलं. परवानगीचा अर्ज दिला. जानेवारीच्या पाच तारखेला उत्तर आलं, आणि ते वाचून विनता रेकॉर्डरूमच्या स्टुलावर बसली ती बसलीच.

‘उक्त क्वार्टर में नई खिड़की पूर्व में ही लगाई जा चुकी है, अतः अनुमति का प्रश्न नहीं उठता.’

लगाई जा चुकी है! इतकी वर्षं खुनाच्या गोष्टी वाचून विनताला एवढं कळत होतं, की प्रेत नसलं तरी खून असतो. इथं त्याच्याही पुढचं होतं. खिडकी नव्हती, आणि खिडकी होती. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तुमच्या दारात उभी राहिली.

तुमच्या टेबलाखाली हीटर होता. लाल, दोन कांड्यांचा. विनताची नजर पहिल्यांदा त्याच्यावर गेली. थंडीतल्या माणसाची जाणारच. तुम्ही फाइल मागवलीत. फाइल आली.

"देखिए मैडम, सब क्लियर है. फोटो भी लगा है."

फोटोत खिडकी होती. नवी कोरी, हिरव्या रंगाची. बाहेर केळीचं झाड.

"सर, ये हमारी खिड़की नहीं है. हमारे यहाँ नीम है. ये केले का पेड़ किसका है?"

"पेड़ का क्या है मैडम, कहीं भी हो सकता है."

"कॉलनी में केला एक ही घर में है सर. आपके बंगले में."

तुम्ही घसा खाकरलात. मग पान उलटलंत आणि बोट ठेवलंत. "और ये? ये तो आपके ही घर के दस्तखत हैं."

विनता वाकली. ‘कार्य संतोषजनक पाया गया’च्या खाली, रेघ सोडून वर चढत गेलेली अक्षरं. ‘भी’ची वेलांटी एवढी लांब, की अख्ख्या नावावर छत्रीसारखी आलेली. भीमाबाई. दुसऱ्या कोणाची असती तर विनतानं खोटी म्हणून तिथंच आकांत केला असता. ही खोटी नव्हती. ही सही ती बत्तीस वर्षं ओळखत होती.

साहेब, तुम्हाला ती सही माहीत नाही म्हणून मी, या दोघींचा शेजारी, सांगतो. भीमाबाईनं ती बावन्नाव्या वर्षी कमावली, विहारात बायांचा वर्ग भरायचा तिथं. त्याआधी रेशनला अंगठा, दवाखान्यात अंगठा, पोराच्या शाळेत अंगठा. वर्षभर ती ओल्या बोटानं ओट्यावर नाव गिरवत होती. अक्षरं वाळायच्या आत पुरी करायची असा तिचा अभ्यास. चौदा एप्रिलला तिनं सगळ्यांसमोर फळ्यावर नाव लिहिलं आणि खाली बसून रडली. तेव्हापासून बँकेत कोणी शाईचा पॅड पुढे केला, की ती तो तसाच परत सरकवते. "बाबासाहेबानं मले पेन देल्ला. तुझा अंगठा तुझ्यापाशी ठेव." डोळे गेले, पण हात नाव विसरला नाही.

तुमच्या माणसानं काय केलं असेल, हे विनताला उभ्या उभ्या दिसलं.

"अम्मा को दिखता नहीं है, सर. किसी ने पढ़कर नहीं सुनाया होगा."

तुमचा आवाज मऊ झाला. आणि हा सगळ्यात वाईट भाग. "देखिए, मैं भी इंसान हूँ. एक रास्ता है. आप लिखकर दे दीजिए कि अम्मा अनपढ़ हैं, समझती नहीं, गलती से दस्तखत कर दिए. मैं केस दोबारा खोल दूँगा. आठ दिन में खिड़की." आणि ड्रॉवरमधून कागद काढलात.

छापील होता तो कागद, साहेब. नावाची जागा मोकळी, क्वार्टर नंबरची मोकळी, ‘अशिक्षित एवं असमर्थ’ मात्र पक्क्या शाईत. किती म्हाताऱ्यांना अडाणी करून तुम्ही खिडक्या दिल्यात? छपाई का करावी लागली?

विनतानं कागद घेतला. फेकला नाही, फाडला नाही. दमलेला माणूस फाडत नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवतो. ई-रिक्षात तोंडावर गार वारा येत होता आणि ती हिशोब करत होती: आठ दिवस. आज सहा तारीख. चौदाला खिडकी. म्हातारीला सांगायचंच कशाला? तिला कुठं दिसतं? एक कागद, कुठल्याशा कपाटात पडेल. माणूस जगला पाहिजे.

संध्याकाळी तिनं पुस्तक उघडलं. फौजदार कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या घरी गेला होता. विनता वाचत होती, पण शब्द तोंडातून नुसते पडत होते.

"थांब," भीमाबाई म्हणाली. "तू पानं गाळून राहिली."

"नाही, आई."

"त्याची बायको आत्ता पाणी आणाले गेली होती, ते परत नाही आली अन् बोलू लागली कशी? काहून गाळून राहिली? काय झालं हापिसात?"

"काही नाही झालं."

"खिडकीचं काय म्हणते तो मेला?"

विनतानं पान उलटलं. पोतं फडफडलं. म्हातारीनं मान वळवली, विनताच्या चेहऱ्याकडे नव्हे, तिच्या श्वासाकडे.

"कागदावर बसवली त्यायनं," विनता शेवटी म्हणाली. "झालं असं लिहून घेतलं कोणाकडून तरी."

"कोणाकडून?"

विनतानं नाव घेतलं नाही. पण गप्प बसणं हा भीमाबाईपुढे कबुलीजबाबच.

"मी व्हय का?"

"आई..."

"मीच व्हय." ती उठून बसायला लागली. विनतानं हात दिला तर तो झटकला. "दसऱ्याच्या आधी एक जण आल्ता. तू ड्युटीवर. गोड बोले. अम्मा, अम्मा करे. म्हणे, खिडकी लिहून नेतो, अंगूठा लगा दो. मी म्हटलं, अंगठा तुझ्या बापाचा घे. तं म्हणे, अरे वाह अम्मा, आप तो पढ़ी-लिखी हो! अन् पेन देल्ला हातात. फुगली मी. वाचून दाखव म्हणाचं, तं फुगून बसली. साऱ्या खुन्याईले ओळखते मी, अन् घरातला नाही ओळखला."

"तुमची चूक नाही."

"चूक कशी नाही? चूकच हाय. पुढं काय म्हणते तो?"

आता विनतानं पर्स उघडली. लपवायचं बळ राहिलं नव्हतं. कागद वाचून दाखवला, एक शब्द न गाळता. ‘अशिक्षित’ आलं तिथं तिची जीभ अडली, तरी वाचला.

"किती दिवसांत देते म्हणे खिडकी?"

"आठ."

भीमाबाईनं पांघरूण ओढून घेतलं. छातीतली शिट्टी तेवढी वाजत होती. आणि खरं सांगायचं तर विनताला त्या वेळी मनातून वाटत होतं, की म्हातारीनं हो म्हणावं. एकदाच. उगीच ताठा करू नये. तिला रात्री झोप पाहिजे होती, नाकापुढे हात न धरता.

"तुले वाटते, लिहून द्यावं?"

"मला वाटते तुम्ही जगावं, आई. दमली मी."

"माहीत हाय." भीमाबाईनं चाचपडत तिचा गुडघा धरला. "तू दमली ते मले रोज ऐकू येते. पण पाह्य, मी या थंडीत मेली तं भीमाबाई मेली असं होईन. तू त्या कागदावर सही केली अन् मी जगली, तं कोण जगलं? पोराच्या शाळेत अंगठा लावला तवा मास्तर हसला होता. त्याच्यानंतर नाही हसू देल्लं कोणाले. आता तुह्या हातानं नको हसवू."

विनतानं डोळे पुसले. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"सांगा, काय लिहू?"

"हिंदीत लिही. चांगल्या हिंदीत. त्याले समजलं नाही असं म्हणता नको येवाले." आणि तिनं सांगितलं, अडखळत, मध्ये खोकत, दोनदा मागं जाऊन शब्द बदलत. मी शिकलेली आहे. सही माझी आहे, माझ्या हाताची आहे. मला कागद वाचून दाखवला नाही. मला डोळ्यानं दिसत नाही, कानानं ऐकू येतं, डोकं शाबूत आहे. माझ्या खोलीला खिडकी नाही. येऊन हात घालून पाहा.

विनतानं तिचं बोट कागदाच्या तळाशी नेऊन टेकवलं. म्हातारीनं पेन धरला. सही रेघ सोडून वर चढली. या वेळी वेलांटी थोडी थरथरली, थंडीनं.

सात तारखेला विनतानं तो कागद तुमच्या ऑफिसात दिला. बाबू म्हणाला, "ये तो उल्टी साइड पे लिखा है." विनता म्हणाली, "सीधी साइड आपकी है, आप रखिए. पावती दीजिए." पावती मिळेपर्यंत ती काउंटरवरून हलली नाही. मागं लाइन लागली, लोक चिडले, तरी हलली नाही.

आज अठरा तारीख. काल चार डिग्री होतं. भीमाबाईचा पलंग आता स्वयंपाकघरात आहे, सिलिंडर आणि ओट्याच्या मध्ये; तिथं विनताला पोळ्या लाटायला कोपर हलवता येत नाही. डॉक्टरांनी औषध बदललं. शिट्टी कमी नाही. पुस्तकाची बावीस पानं उरली आहेत आणि दोघी आता दिवसाला दोनच वाचतात.

तुमच्या फाइलमध्ये आता एकाच बाईच्या दोन सह्या आहेत. एक म्हणते खिडकी आहे, दुसरी म्हणते नाही. दोन्ही खऱ्या. मग साहेब, आंधळ्या म्हातारीला कागद वाचून न दाखवता तिच्या हातात पेन कोणी दिला, आणि त्याला कोणी पाठवलं? नाव सांगा. लेखी सांगा, तारीख घालून, खाली स्वतःची सही करून. पावती आमच्यापाशी आहे. उत्तर कधी देता?